सगुण तारी आणि परतीचा स्विच

सगुण कसा माणूस होता ते सांगायचं तर आधी न्हंय, म्हणजे नदी, सांगायला हवी. चोपड्याला पूल नव्हता तेव्हाची. अल्याड चोपडे, पल्याड शिवोली, मधे शापोऱ्याची रुंद न्हंय, आणि समुद्र इतका जवळ की भरतीला खारं पाणी वर चढायचं. सरकारची फेरीबोट होती, नाही असं नाही. पण ती आपल्या वेळेला सुटायची. सगुणाची होडी माणसाच्या वेळेला सुटायची. कोणाच्या बायलेला कळा येऊ लागल्या, कोणाला म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजाराला मिरच्यांची पोती न्यायची, कोणाची सोयरीक, कोणाचं बारावं, सगळे सगुणाच्या होडीत. बापूस तारी, आजो तारी, म्हणून तोही तारी. शाळा त्यानं बघितलीन ती होडीतून, लांबून.

पुढं बसून त्याचा चुलतभाऊ सदाशिव वल्ही मारायचा आणि मागं सगुण सुकाणूवर. दांडा काखेत धरून बसला की उठायचा नाही. मागाहून इंजीन आलं तरी दांडा त्याच्याच हातात. त्या दांड्याचं एक उलटं असतं. होडी डावीकडे न्यायची तर दांडा उजवीकडे ढकलायचा. उजवीकडे न्यायची तर डावीकडे. नव्या माणसाला ते विचार करून करावं लागतं. सगुणाला विचार लागायचा नाही, हातच तसा झाला होता. इतका, की सायकल त्याला जन्मात जमली नाही. लग्न झाल्यावर हौसेनं एकदा बसला. डावीकडे वळायचं म्हणून हॅण्डल उजवीकडे ढकललंन आणि पाव घेऊन येणाऱ्या पोदेराच्या अंगावर गेला. पावाचे उंडे सगळे रस्त्यावर. पोदेर धूळ झाडत म्हणाला, "सगुणा, तू पाण्यातच रव बाबा. जमनीर तुजा काम नाय."

आणखी एक रीत त्याच्या बापसानं घालून दिलेली होती. सांजवेळी होडी बांधायच्या आधी काठावर उभं राहून पल्याड हाक मारायची. "हेऽऽ, कोण आसा रेऽऽ पलतडीक?" कोणी चुकून राहिलेलं असेल तर ते तिकडून ओ देई, "आसाऽऽ." मग परत एक खेप. ओ आली नाही तर थोडं थांबायचं, वारा असेल तर परत एकदा हाकायचं, आणि मगच दोरी बांधायची. ताप असला, पाऊस असला, घरी पाहुणे असले तरी हाक मारल्याबिगर सगुणानं होडी कधी बांधली नाही. एकदा एक म्हातारी तिकडे शिंपल्यांच्या ढिगाआड झोपून राहिली होती. दुसऱ्या हाकेला उठली. सगुण गेला आणि तिला घेऊन आला. म्हातारी सगळ्या वाटेत त्याला शिव्या घालत होती, की पहिली हाक तू हळू मारलीस.

त्या वर्षांत मराठी की कोंकणी म्हणून सगळीकडे भांडणं. होडीतही तेच. अर्धे इकडचे, अर्धे तिकडचे, आणि न्हंयेच्या मध्यावर येऊन आवाज चढायचे. सगुण दांडा न सोडता म्हणायचा, "बसान झगडा. उबे रवान झगडू नकात. होडी उलटली तर मराठीवालो काय आणि कोंकणीवालो काय, बोंब एकच मारतलो." मग थोडे हसायचे आणि बसायचे. त्या गडबडीतच गोव्याचं राज्य झालं, आणि त्याच वर्षी सगुणाच्या घरी झील झाला. गौरेश. पुढं आणखी मूल झालं नाही. वत्सलेला, म्हणजे सगुणाच्या बायकोला, त्याचं वाईट वाटायचं. सगुण म्हणायचा, "एक आसा न्हय? मग."

पूल झाला तेव्हा गौरेश मोठा झालेला. पुलानं सगुणाचं काम गेलं, पण तो पुलाला वाईट बोलला नाही. मासळी मारू लागला, मळ्यातलं शेत करू लागला. फक्त काही दिवस सांज झाली की काठावर जाऊन हाक मारायचा. वत्सला एकदा म्हणाली, "पुलावयल्यान बसी धावतत. तुमी कोणाक साद घालतात?" त्या दिवसापासून हाक बंद झाली.

गौरेशचा हात यंत्रावर चालायचा. तो आयटीआय शिकला आणि डिचोलीच्या कारखान्यात लागला. तिथं त्याला अभिजीत भेटला. अभिजीत गडहिंग्लजकडचा, त्याच कारखान्यात वायरमन, डिचोलीत भाड्यानं खोली घेऊन राहिलेला. दोघांना एकच वेड, विमानाचं. खरं नव्हे, आपण करतो ते. थर्मोकोलचं, हलक्या लाकडाचं, पोटात बॅटरी, नाकावर पंखा. हातात दोन दांड्यांची पेटी धरायची, तिला ते रिमोट म्हणत. सुटीच्या दिवशी कोरगावच्या सड्यावर जाऊन उडवायचे. सडा म्हणजे कातळाचा माळ, भोवती काजू.

मग गौरेशला बोटीवर नोकरी मिळाली, मालाच्या मोठ्या बोटीवर, विजेचं काम. सहा-आठ महिने समुद्रावर, मग रजा. शेवटच्या रजेत त्यानं ओसरीवर एक मोठं विमान केलंन. पांढरं, पंख असे लांब की दारातून तिरकं करून न्यावं लागे. गोंद सुकेपर्यंत सगुण पंख धरून बसायचा. बोलणं फारसं नाही. बापूस आणि झील दोघं एका कामावर असले की बोलायला काय लागतं.

एकदा सगुणानं रिमोट हातात घेतला. वरच्या कडेला लहान-लहान खुंट्या होत्या. "हे कान कसले रे?"

"स्विच ते, बाबा. विमान कसा उडतला ता हेच्यावर ठरता. सगळा आपल्या हातान करूचा, की विमानान आपणाक सांभाळूचा, की आपसूक परत येवचा. खंयचो स्विच काय करतलो ता अजून लावूक नाय."

"मग लाव."

"येवन लावतंय. पुढल्या रजेक. तुका पण शिकयतंय."

तो गेला आणि परत आला नाही. लांबच्या समुद्रात वादळ झालं, बोटीवरून माणसं पडली, त्यात तो. इतर मिळाले. तो मिळाला नाही. कंपनीचा माणूस येऊन सांगून गेला, मागाहून त्याची पेटी आली. कपडे, एक टोपी, दाढीचं सामान.

दोन पावसाळे गेले. अंग हाती नाही त्याचं करायचं तर पळसाच्या पानांचा माणूस करतात, त्याला अग्नी देतात, मग दहावं-बारावं होतं. भटजींनी वत्सलेला ते समजावून सांगितलं होतं. ती रोज सगुणाच्या मागं लागली.

"झील मेलो म्हणूक माका बरा दिसता काय?" ती म्हणायची. "पण तेका पाणी नाय, पिंड नाय. असो किती दिस भटकतलो तो?"

सगुण जेवण संपवून उठायचा. हो नाही, नको नाही. भावकीतले बोलू लागले की सगुणाचं डोकं फिरलं. शेवटी एका सकाळी वत्सलेनं पेज वाढली नाही. टोप पुढ्यात ठेवून बसून राहिली.

"आज सांगा. करतलात की नाय?"

सगुण टोपाकडे बघत म्हणाला, "करतलंय गो. पण हाक मारल्याबिगर होडी बांधू नको म्हणून बापायन सांगलला. कोणाकच मी पलतडीक सोडूक नाय आजवर. तेका साद घालूक खंय गेलंय मी?"

वत्सलेला आधी कळलं नाही. मग त्यानं आढ्याकडे बघितलंन. तिथं विमान टांगलेलं होतं, वर जुनी साडी पांघरलेली.

"ता न्हंयेपार धाडतंय. आणि परत हाडतंय. माज्या हातान. मग तुज्या भटाक बोलय." विमान आपल्या हातानं परत आणायचं, मगच क्रिया, असं त्याचं म्हणणं.

"ता बुडला तर?" वत्सला म्हणाली. "तेच्या हातचा तेवढाच आसा घरात. ता गेला तर मी काय बघू? तुमका सायकल चलवूक येना, आणि विमान?"

पण पेज तिनं वाढली. तो जेवला, रिमोट कापडाच्या पिशवीत घातलान आणि डिचोलीची बस धरलीन.

अभिजीत पिशवी बघूनच उठला. गौरेश गेल्यापासून त्यानंही काही उडवलं नव्हतं. सगुणाचं ऐकून घेतलंन आणि म्हणाला, "काका, शिकायला लागंल. एकदम ते मोठं न्हाई. माझ्याकडं जुनं थर्मोकोलचं हाय, त्यावर शिका. पडलं तर चिकटवता येतंय."

मग सुटीच्या दिवशी सड्यावर शिकणं चालू झालं. डावा दांडा वर केला की पंखा फिरतो, विमान जोर धरतं. उजवा दांडा डावीकडे केला की विमान डावीकडे वळतं, उजवीकडे केला की उजवीकडे. सोपं. अभिजीतनं विमान फेकलंन, ते निघालं, उजवीकडे काजूच्या बाजूला सरकू लागलं.

"डावीकडं घ्या काका, डावीकडं."

सगुणाचा हात उजवीकडे गेला. विमान सरळ काजूत शिरलं.

"यंदा काजूला विमान लागलं बगा," अभिजीत झाडावर चढता चढता म्हणाला.

परत तेच, आणि परत तेच. डावीकडे म्हटलं की हात उजवीकडे. वय झालेल्या हाताला कोण शिकवणार. अभिजीत चिडला नाही, पण त्याचा चेहरा उतरला. सगुण दर वेळी म्हणायचा, "परत फेक." थर्मोकोलवर इतक्या पट्ट्या चिकटल्या की मूळ रंग दिसेना.

असं चालता चालता एकदा विमान वाचून लांब गेलं. अभिजीतनं रिमोट आपल्या हातात घेऊन ते वळवलंन, तोंड आपल्याकडे केलंन आणि रिमोट परत सगुणाला दिलान. हेच सगळ्यांत अवघड असतं म्हणे. विमान आपल्याकडे येतं तेव्हा त्याचा डावा तो आपला उजवा. दांडा डावीकडे केला तर ते आपल्या उजवीकडे जातं. भले-भले शिकलेले तिथं गोंधळतात आणि विमान घालवतात. अभिजीत हात पुढं करून तयार राहिला. पण विमान आलं. थोडं इकडं गेलं, सगुणानं दांडा हलवलान, सरळ झालं. थोडं तिकडं गेलं, परत सरळ. होडी धक्क्याला यावी तसं येऊन गवतात बसलं.

अभिजीत बघतच राहिला. "हे कसं काय जमलं?"

सगुणाला स्वतःलाच नवल वाटलं. त्यानं परत उडवायला सांगितलंन. जाताना चुकलं, येताना नाही. आणखी एकदा. जाताना चुकलं, येताना नाही. तेव्हा तो कातळावर बसला आणि आपला उजवा हात उलटा-सुलटा करून बघितलान.

"सुकाणूचो हात तो," म्हणाला. "जाता ता चुकता. येता ता चुकना."

अभिजीतला सुकाणूचं सगळं सांगावं लागलं. ते कळल्यावर तो हसला. "मग सोपं हाय की. ह्याच्या मेनूत एक खूण उलटी केली की दांडा उलटा होतोय. जाताना बरोबर जाईल."

त्यानं करून दिलंन. विमान गेलं, नीट गेलं, सगुणाच्या मनासारखं गेलं. वळून आलं आणि तिथं सगळं फिसकटलं. सड्यावरच्या काळ्या दगडावर आपटलं आणि नाक तुटलं.

सगुण तुकडे गोळा करून आला. "आदी होता तसा कर. माका येताना बरोबर होया. जाताना तू काय पण कर."

अभिजीतनं त्या रात्री काय विचार केला असेल तो केला असेल. पुढल्या सुटीला तो लॅपटॉप घेऊन चोपड्याला आला. मोठं विमान आढ्यावरून काढून ओसरीवर ठेवलं. वत्सला दाराच्या चौकटीला टेकून उभी, हातात नारळ सोलायचा राहिलेला. विमानाच्या पोटात सर्किटची एक लहान पाटी होती, तिला वायर लावली. पडद्यावर आडव्या पट्ट्या आल्या, सगळ्या कोऱ्या.

"बगा काका. गौरेशनं काहीच लावलेलं न्हाई. सगळं आपण लावायचं." त्यानं रिमोटच्या उजव्या खांद्यावरची खुंटी हलवलीन. ती तीन जागी थांबायची, वर, मधे, खाली. हलवली की पडद्यावरची खूण पट्टीवरून सरकायची. "ह्या तीन जागांना तीन कामं द्यायची. सगळी लोकं काय करत्यात, जाताना हातानं नेत्यात, आणि परतीचं काम स्विचला देत्यात. घाबरलं, दिसंनासं झालं, की स्विच दाबायचा. विमान जिथनं निघालं तिथं आपोआप येतंय."

"आपसूक येता?"

"आपसूक."

"मग मी कित्याक?" सगुण म्हणाला. "परतीचा काम स्विचाक नको. जावचा काम दी."

अभिजीतला वाटलं त्याला कळलं नाही. परत समजावलंन. सगुणानं ऐकून घेतलंन आणि तेच म्हणाला. "जाताना माजो हात चुकता. तर जाताना तेणा आपणाक सांभाळूंदे. नाकासमोर जावंदे. परत मी हाडतंय."

दाराशी वत्सला म्हणाली, "हट्ट करू नकात. तो सांगता तसा लावा. परत येवच्या स्विचान ता घराक तरी येयत."

"गो, आपसूक इला तर ता मी हाडला म्हणू?"

ती नारळ सोलायला बसली, पण कोयता काही चालेना.

शेवटी असं ठरलं. स्विच वर असला की विमान नाकासमोर सरळ जाणार, उंची धरून, दांड्याला हात नको. मधे असला की सगुणाच्या हातावर येणार, पण दांडा सोडला तर स्वतःचा तोल सांभाळणार. अभिजीतनं पडद्यावर दोन पट्ट्या ओढून त्या-त्या जागी बसवल्यान. सगुणाला स्विच हलवायला लावलान, पट्टी उजळते का बघितलंन. परत हलवायला लावलान. डोळे मिटून हलवायला लावलान.

"आणि खालच्या जागंला?"

सगुणानं विमानाच्या पंखावर हात ठेवलान. "तो कसो उडवी?"

"गौरेश? निव्वळ हातावर. सांभाळणं न्हाई, काही न्हाई. दांडा सोडला तर विमान उलटतंय."

"मग ती जागा तेची. रवूंदे तशीच."

"रिकामी ठेवली तर तेच होतंय, निव्वळ हातावर. पण तिथं स्विच जाऊ देऊ नका, काका. गेला तर संपलं." अभिजीत थोडा घुटमळला, मग म्हणाला, "आणि माझी पण एक अट हाय. डाव्या खांद्यावर दुसरा स्विच हाय. परतीचं काम मी त्याला देणार. तुम्ही हात लावू नका. पण मी बाजूला उभा ऱ्हाणार. मलापण ते विमान बुडालेलं बगवणार न्हाई."

सगुणानं मान हलवलीन. "दी. पण मी सांगल्याबिगर बोट लावशीत तर बघ."

शेतं कापून झाली होती. सकाळचा वारा उठायच्या आधीची वेळ सगुणानं धरलीन, काठाला लागून असलेला मळा उतरायला मोकळा होता. वत्सला येणार नाही म्हणाली होती. विमान बाहेर काढताना तिनं साडीचा पदर पंखावरून फिरवलान आणि आत गेली. पण ते काठावर पोचून वायरी जोडतात तोवर मागून आली, हातात पेजेचा डबा. "उपाशी इलात," एवढंच म्हणाली. मळ्यात सदाशिव होता, जाळं सुकत घालत. तोही उभा राहिला.

अभिजीतनं विमान डोक्यावर धरलंन. सगुणानं स्विच वर केलान, मग डावा दांडा वर. पंखा घुमला, आणि अभिजीतनं विमान न्हंयेच्या दिशेनं सोडलंन.

ते गेलं. सगुणानं उजव्या दांड्यावरून अंगठा उचललान, सांगितल्यासारखा. विमान नाकासमोर, शिवोलीच्या दिशेनं, पाण्यावरून. खाली त्याची सावली धावत होती. सगुण बघत होता. गौरेश बोटीवर जाताना पुलावरून बस गेली होती, तेव्हाही तो असाच काठावर उभा राहिला होता आणि बस वळेपर्यंत बघत होता. त्यानं हाताला काही करू दिलं नाही. जाणारं जाऊ दिलंन.

पलतडीच्या माडांवर विमान पोचलं, लहान झालं, पाखरासारखं.

"वळवा काका," अभिजीत म्हणाला.

सगुणानं वळवलं नाही. रिमोट दोन्ही हातांत घट्ट, आणि छाती भरून त्यानं हाक मारलीन. किती वर्षांनी.

"हेऽऽ, कोण आसा रेऽऽ पलतडीक?"

हाक पाण्यावरून गेली. पलीकडे कोणी बाई कपडे धूत होती, तिनं मान वर केलीन. सदाशिवानं जाळं खाली ठेवलंन. वारा नव्हता, ओ आली असती तर ऐकू आली असती. सगुण थांबला, जितकं थांबायचं असतं तितकं. ओ आली नाही.

तेव्हा त्यानं स्विच वरून मधल्या जागी ओढलान आणि दांडा एका बाजूला दाबून धरलान. कुठल्याही बाजूला दाबला तरी चालणार होतं, तोंड इकडे होईपर्यंत धरून ठेवायचा होता. विमान कलंडलं, वळू लागलं, आणि वळता वळता उन्हात गेलं. सकाळचं ऊन पाण्यावर असं पसरलेलं की बघवत नव्हतं. विमान दिसेनासं झालं.

"काका, दिसतंय काय?"

"नाय."

"मलापण न्हाई." अभिजीतचा हात आपोआप पुढं आला, रिमोटच्या डाव्या खांद्याकडे. त्याचं बोट स्विचला टेकलं. सगुणानं तिकडं बघितलं नाही. त्यानं डोळे बारीक करून मान तिरकी केली होती, धुक्यात समोरून येणारी होडी ऐकायला करायचा तशी. पंख्याचा आवाज येत होता. लांब होता, पण येत होता.

अभिजीतच्या मनगटावर दुसरा हात पडला. वत्सलेचा. डबा तिनं गवतात टाकला होता.

"थांब पुता," ती म्हणाली. "हाडूंदे तेका."

तिनं मनगट सोडलं नाही. अभिजीत थांबला.

आवाज वाढला. सगुणानं दांडा सोडलान, विमान आपला तोल धरून सरळ झालं असणार, आणि उन्हाच्या कडेतून पांढरं काहीतरी बाहेर आलं. तोंड इकडे. डावीकडे सरकत होतं, पुलाच्या उलट बाजूला. सगुणाच्या हातानं दांडा ढकलला, कुठं ढकलला ते त्याला विचाराल तर सांगता आलं नसतं, आणि विमान सरळ झालं. परत थोडं ढळलं, परत सरळ. पाणी ओलांडलंन, काठाचं खाजण ओलांडलंन. त्यानं पंख्याचा जोर कमी केलान. मळ्यात कापलेल्या भाताचे खुंट होते, त्यांच्यावर पोट घासत विमान आलं, एका बांधाला पंख लागला, करकरलं, आणि थांबलं. सगुणाच्या पायांपासून थोडंच लांब.

 सदाशिवानं पुढं होऊन विमान उचललंन. पंखाला भेग गेली होती. तो म्हणाला, "लागला वायच. पण इला."

सगुणानं रिमोट अभिजीतच्या हातात दिलान. बोटं वळेनात, इतकी धरली होती. तो गवतात बसला. वत्सलेनं डबा उचललान, सांडून उरली होती ती पेज झाकणात ओतून त्याच्या पुढ्यात ठेवलीन. त्यानं एक घोट घेतला.

"थंय कोण नाय गो," तो म्हणाला.

वत्सला पदर तोंडाला लावून न्हंयेकडे बघत राहिली.

पेज संपेपर्यंत सगुण थांबला. मग झाकण तिच्या हातात देत म्हणाला, "भटाक सांग. बांधूया आता."

त्याच आठवड्यात त्यांनी केलं. पळसाची पानं अभिजीतनं डिचोलीकडच्या रानातून आणलीन. पानांच्या त्या माणसाला अग्नी सगुणानं दिलान, आणि नदीवर जाऊन आंघोळ केलीन, पाणी सोडलंन. त्या संध्याकाळी तो काठावर गेला नाही.

विमान ओसरीवर टांगलं, भेग तशीच ठेवून. साडी आता पांघरत नाहीत. अभिजीत गणपतीच्या चवथीला येतो तेव्हा रिमोटची बॅटरी बदलून जातो. उडवायला नाही, आत लावलेलं जपायला. वत्सला रिमोट पुसताना त्या तीन जागांच्या खुंटीला फडकं लावत नाही. ती अजून मधल्या जागी आहे, सगुणानं आणली तिथं.